पहिल्या पावसाआधी जीप: एमएम ५४० च्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

मामांची जीप काल रात्री घरी आली. दिंडोरीजवळच्या त्यांच्या मळ्यात पाच वर्षं शेडमध्ये उभी होती. चारही चाकं जमिनीला टेकलेली, टपावर कबुतरांची विष्ठा, मागच्या सीटवर ठिबकच्या जुन्या नळ्यांचं भेंडोळं. मामांनी ट्रॅक्टरने डांबरी रस्त्यापर्यंत ओढून दिली, तिथून टोचन करून नाशिकच्या सातपूरला आणली.

गाडी १९९३ची महिंद्राची एमएम ५४०. प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, ९१ इंचांचा व्हीलबेस, पुढे-मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), पार्ट-टाइम फोर-व्हील, म्हणजे गरजेपुरती चारही चाकांना ताकद. रस्ता सोडून माती-चिखलातून गाड्या नेणाऱ्या आमच्या क्लबबरोबर मी दोन वर्षं दुसऱ्यांच्या गाडीत बसून जातोय. बहुतेक वेळ खाली उतरून हाताच्या खुणा करण्यात जातो. यंदा स्वतःची गाडी घेऊन पहिल्या पावसाच्या फेरीला जायचं, एवढंच या कामाचं ध्येय. गाडी सजवायची नाही. जाईल आणि परत येईल अशी करायची.

आज फक्त तपासणी. हातोडी घेऊन पूर्ण चासीवर ठोकत गेलो. चांगलं लोखंड खणखणतं, खाल्लेलं लोखंड भद्द वाजतं. मागच्या शॅकलच्या (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीच्या) ब्रॅकेटपाशी गंज आहे, पण वरवरचा. चासी सरळ आहे, तडा कुठेच नाही. हे कळल्यावरच मी मामांना फोन करून ‘हो’ म्हणालो. पत्रा, रंग, हूड काहीही करता येतं, पण चासी गेली असती तर गाडी परत पाठवली असती.

बाकी: क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली, मागचा डावा मेन पाटा तुटलेला, ब्रेकची चारही सिलिंडरं जाम, टायरांना भेगा.

२६ जानेवारी, रविवार

डिझेलची टाकी उतरवली. तळाशी बोटभर काळा गाळ होता. धुतली, फिल्टर बदलले, एअर काढली, हीटर तपासले. चारातला एक मेलेला होता. दुपारी पावणेचारला इंजिन लागलं. वडील ओट्यावर बसून होते. सातपूरच्या एमआयडीसीत त्यांनी तीस वर्षं पाळ्या केल्या, मशीनचा आवाज त्यांना डोळे मिटून कळतो. म्हणाले, “तिसऱ्याचं नोझल बघ, ठोका वेगळा येतोय.” तिसऱ्या सिलिंडरचं डिझेल फवारणारं नोझल खरंच गळत होतं.

क्लच मिस्त्रींनी काढून दिला. तो भाग मी एकट्याने करायच्या फंदात पडलो नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस मागच्या गोळ्याचा (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या फुगीर हाउसिंगचा, ज्यात डिफरन्शिअलचे गिअर असतात), आणि याबद्दल सविस्तर लिहून ठेवायचंय.

भरायचा बूच काढून करंगळी आत घातली. बाहेर आली ती दुधाच्या चहात बुडवल्यासारखी. खालचा बूच सोडल्यावर आधी ग्लासभर नुसतं पाणी आलं, मग पिवळट पांढरा लगदा. ९० नंबरचं ऑइल मधाच्या रंगाचं असतं, त्याची ही दशा. मामा म्हणाले, “शेवटची दोन वर्षं ओढ्यातून जा-ये होती, पण पाणी कधी चाकाच्या वर गेलं नाही.”

वर जायची गरजच नसते. गाडी तासभर चाललेली असते, गोळा आणि त्यातलं ऑइल तापलेलं, आतली हवा फुगलेली. अशात एकदम गार पाण्यात उतरलं की ती हवा आकसते आणि आत ओढ तयार होते. या कामासाठी हाउसिंगच्या वरच्या अंगाला एक छोटा ब्रिदर असतो, हवेने त्यातून ये-जा करायची. तो मातीने बुजला की हवा दुसरी वाट शोधते, आणि ती असते चाकाच्या सीलची कड. तिथे बाहेर पाणीच असतं. म्हणजे पाणी आत शिरत नाही, गाडी स्वतः ते ओढून घेते. या गाडीचा ब्रिदर मी टाचणीने टोकरला तर आत विटेसारखी घट्ट माती होती.

नशिबाने गोळ्यातल्या क्राऊन-पिनियन या गिअरांचे दात शाबूत निघाले. बेअरिंगवर गंजाचे ठिपके होते, ती बदलली. हाउसिंग डिझेलने तीनदा धुतलं. मग पुढच्या-मागच्या दोन्ही ब्रिदरच्या जागी नळी बसवायचं साधं नोझल लावलं आणि जाड रबरी नळी चासीच्या कडेने बांधत वर नेली. पुढची बोनेटखाली, मागची टपाच्या खांबापाशी. टोकाला छोटा फिल्टर, तोंड खाली वळवलेलं. सगळं मिळून खर्च पाचशेच्या आत.

क्लबमध्ये नवीन येणारा पहिल्यांदा बंपर, दिवे आणि मोठ्या टायरांबद्दल विचारतो. ब्रिदरबद्दल अजून कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही. माझ्या मते पाण्यात उतरणाऱ्या कुठल्याही गाडीवर पहिला खर्च या दोन नळ्यांचा व्हायला हवा.

२ मार्च, रविवार

पुढचे नकल (चाकं वळवणारे सांधे) उघडले. त्यांच्या किंगपिनची बेअरिंग, नमद्याची पट्टी, सील सगळं नवीन. आठ दिवसांपूर्वी मागच्या उजव्या चाकाला जे ऑइल सील बसवलं होतं ते आजच गळताना सापडलं. ड्रम उघडला तर ब्रेकचे लायनर ऑइलने भिजलेले. सील नामांकित कंपनीच्या डब्यातलं, पण माल नकली. जुन्या सीलशेजारी ठेवून पाहिल्यावर कळलं: स्प्रिंग सैल, रबराची कड जाडीभरडी. दुकानदाराकडे परत गेलो तर त्याने बिल नसल्याचं सांगून हात वर केले. बिल त्यानेच दिलं नव्हतं. लायनरचे पैसे गेले, दोन रविवार गेले आणि उतारावर ब्रेक लागला नसता तर काय झालं असतं याचा विचार करून मला रात्री झोप आली नाही. सील आता पक्क्या बिलाशिवाय घेणार नाही आणि बसवण्याआधी जुन्याशी ताडून पाहणार.

२१ मार्च, शुक्रवार

रजा टाकून पेठ रोडला आरटीओत गेलो. नोंदणीची मुदत २०२३मध्येच संपलेली. फेरनोंदणीची फी ५,००० रुपये भरली, शिवाय उशिराचा दंड आणि पर्यावरण कर. निरीक्षकांनी चासी नंबर घासून पाहिला, दिवे, ब्रेक, हॉर्न बघितले.

क्लबच्या ग्रुपवर दर महिन्याला गाडी उंच करण्यावरून वाद होतो. मी माझ्यापुरता तो संपवलाय. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेच सांगतं. त्यामुळे उंची मूळचीच, बंपर मूळचा, टायर मूळ मापाचे.

टायर ६.००-१६, अरुंद, ट्यूबचे. थारवाले मित्र त्यांना सायकलचे टायर म्हणतात. पण त्र्यंबक-इगतपुरीच्या पट्ट्यात वर चार बोटं चिखल आणि खाली मुरूम किंवा कातळ असतो. तिथे अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट थराला जाऊन भिडतो. रुंद टायर वरच तरंगतो आणि घसरतो. रेती किंवा खोल गाळ असेल तर उलट, तिथे रुंदच हवा. अरुंद टायरची खरी अडचण हवेची. ट्यूबच्या टायरमधली हवा फार कमी केली तर टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो. म्हणून १८ पीएसआयच्या खाली जायचं नाही, हे डॅशबोर्डवर लिहून चिकटवलंय.

३० मार्च, गुढीपाडवा

नवीन पाटे बसून आले. उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागली. आईने बोनेटला हार घातला, साखरेची गाठी आरशाला अडकवली. वडिलांना शेजारी बसवून सोमेश्वरपर्यंत जाऊन आलो. तिसऱ्या गिअरमध्ये थोडा आवाज करते.

१३ एप्रिल, रविवार

क्लबचा सरावाचा दिवस. त्र्यंबक रोडच्या आत एका सदस्याच्या सासऱ्यांची मुरमाड पडीक जमीन आहे, तिथे परवानगीने. अकरा गाड्या: पाच थार, दोन जिम्नी, दोन जुन्या जिप्सी, एक गुरखा आणि माझी जीप.

एका आड एक खड्डे खणलेत, त्यात गाडी तिरकी अडकते. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत गेलं की साध्या डिफरन्शिअलमधून (दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांमधून) सगळी ताकद त्याच दोन चाकांकडे पळते. ती गरगर फिरतात आणि जमिनीवरची दोन चाकं ढिम्म. गुरख्याला पुढे-मागे दोन्हीकडे डिफ लॉक, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं एकत्रच फिरवणारी कळ, ती चालत गेली. नव्या थारमध्ये फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते. माझ्याकडे यातलं काही नाही. माझ्याकडे लो गिअर आहे, जो चाकावरचा जोर सुमारे अडीच पटीने वाढवतो, आणि खाली उभा असलेला माणूस आहे.

तो माणूस आज क्लबमधले डॉक्टर होते. दोन्ही हातांची बोटं स्टिअरिंगसारखी वळवून दाखवत होते. नियम एकच: मार्शल एकच असतो आणि चालवणारा फक्त त्याच्याकडे बघतो. मी स्वतः दोन वर्षं हे काम केलं, पण आत बसून दुसऱ्याच्या हातांवर विश्वास टाकणं किती अवघड आहे ते आज कळलं. बोनेटपुढे जमीन दिसतच नाही. माझं मन उजवीकडे ओढत होतं, डॉक्टर डावीकडे दाखवत होते. डावीकडे घेतलं. एक चाक बांधाच्या कडेवर चढलं, दुसरं खाली टेकलं आणि जीप पार झाली.

उतारावर पहिला लो गिअर, क्लचवरून पाय काढलेला, ब्रेकला हात-पाय काही नाही. इंजिन स्वतः गाडी धरून ठेवतं. मुरमावर ब्रेक दाबला की चाकं थांबतात आणि गाडी घसरगुंडीसारखी निघते. जिप्सीवाल्या पोराचं तेच झालं, सुदैवाने खाली मोकळं होतं.

परतताना डांबरी लागायच्या आधी फोर-व्हील काढायला विसरलो. वळणावर स्टिअरिंग जड आलं तेव्हा लक्षात आलं. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शिअल या गाडीला नाही. मातीत चाकं थोडी घसरून फरक सावरून घेतात, डांबरावर तो ताण चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टवर आणि त्याच्या सांध्यांवर, म्हणजे जॉइंट क्रॉसवर येतो.

२७ एप्रिल, रविवार

इगतपुरी तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याकडच्या गावाजवळ. पाणी उतरलंय आणि रिकाम्या जमिनीवर लोकांची गाळपेर चालू आहे. आमचा रस्ता गावच्या गाडीवाटेने, गाळपेरीला वळसा घालून जायचा ठरला होता.

साडेदहाला पुढची थार वाट सोडून वीसेक फूट खाली उतरली. जमीन भेगाळलेली, पांढरी, सिमेंटसारखी दिसत होती. वरची ती पापडी दोन बोटांची निघाली, तिच्याखाली लोण्यासारखा गाळ. चालवणाऱ्याने चाकं फिरवली, आणि फिरवलेलं प्रत्येक चाक वीतभर आणखी खाली गेलं. गाडी पोटावर बसली.

आधी कुदळ-फावडी. प्रत्येक चाकामागे उतार खणला, पोटाखालचा गाळ हाताने ओढून काढला. ज्या वाटेने आली त्याच वाटेने मागे काढायची, कारण मागे जमीन घट्ट आहे हे नक्की होतं. विंचवाली (मोटरवर दोरी गुंडाळून ओढणारं यंत्र बसवलेली) थार मुरमावर उभी केली. विंच ९,५०० पौंडांचा, म्हणजे साधारण ४,३०० किलो, पण ही ताकद ड्रमवर दोरीचा शेवटचा थर उरतो तेव्हाची. वर थर असतील तसतशी ती कमी होते. म्हणून दोरी बरीच सोडून अडकलेल्या गाडीच्या हुकाला कप्पी लावली आणि दोरीचं टोक परत विंचवाल्या गाडीच्या हुकाला आणलं. ओढायचा वेग निम्मा, जोर दुप्पट. ती गाडीच ओढली जाऊ नये म्हणून तिच्यामागे माझी जीप चासीच्या हुकाने बांधली, चाकांना दगड लावले. दोरीवर ओली गोणपाटं टाकली, तुटलीच तर ती खाली बसावी म्हणून.

गावातली दहा-बारा पोरं अगदी जवळ येऊन उभी होती. दोरीच्या लांबीच्या दीडपट अंतरावर सगळ्यांना नेलं. एक आजोबा मात्र बांधावरून हलले नाहीत, आणि ते योग्य अंतरावरच होते. कप्पी बघून म्हणाले, “मोटेला आमचीपण अशीच होती.”

विंच सुरू झाला. दोरी ताणली, गोणपाटातून पाणी निथळलं. मिनिटभर काहीच हललं नाही. माझी जीप वीतभर मागून पुढे सरकली आणि दगडांवर अडली. मग गाळाने सोडलं. चिखलातून बैलाने पाय उपसावा तसा आवाज आला, लांब आणि ओला, आणि थार एकेक इंचाने मागे येऊ लागली. बाहेर यायला एक तास चाळीस मिनिटं लागली.

आजोबा नंतर म्हणाले, “पंधरा दिवसांमागं तिथवर पाणी होतं. मी हात करत होतो, पण तुमी थांबलाच न्हाई.”

आम्ही अकरा जणांपैकी एकानेही त्यांचा हात पाहिला नव्हता. सगळ्यांचं लक्ष पुढच्या गाडीकडे. चरे बुजवून, जमीन फावड्याने सारखी करून त्यांना दाखवली आणि मगच निघालो. तेव्हापासून क्लबच्या नियमांत एक ओळ वाढली: वाट सोडण्याआधी पहिली गाडी थांबेल आणि जवळच्या शेतातल्या माणसाला विचारेल.

२८ मे, बुधवार

या महिन्यात क्लबची एकही फेरी नाही. अवकाळीने महिनाभर झोडपलं आणि त्याच्यावर मान्सूनच आला. मुंबईत परवा, २६ तारखेला दाखल झाला. मेमध्ये पाऊस इतका लवकर आलेला मी पाहिला नव्हता.

रविवारी पहाटे मामांचा फोन. काढलेला कांदा शेतात पातीखाली झाकलेला, कांदाचाळीपर्यंत न्यायचा आणि ट्रॅक्टर बांधाच्या अलीकडेच रुतलेला. जीप घेऊन गेलो.

दिंडोरीची काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा भरून टाकते. मग टायर म्हणजे नुसता काळा गोल दगड, आणि मडगार्डच्या आतही माती थापली जाते. पंचवीस-तीस फुटांवर थांबून पहारीने ती काढायची आणि पुन्हा निघायचं. हवा १८वर आणली. पुढचे हब लॉक, लो गिअर, दुसरा, आणि पाय अगदी हलका. घाई केली की रुतते. हळूहळू चालू ठेवली की ती स्वतः वाट काढते. मागची सीट काढून एका खेपेला दहा-बारा गोण्या. मामी आणि दोन्ही मामेभाऊ भरत होते, मी नेत होतो. संध्याकाळपर्यंत सव्वीस खेपा.

सगळा कांदा वाचला नाही. खालच्या वाफ्यातला भिजून गेला होता. वरच्या वाफ्यातला चाळीत पोचला. रात्री मामांनी जीपच्या बोनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

२९ जून, रविवार

ब्रेक, हेडलाइट, वायपरची मोटर. मागच्या शॅकलचे बुश बदलले. काळ्या मातीने पुढच्या जॉइंट क्रॉसचं एक ग्रीस निप्पल खाल्लं होतं. विशेष काही नाही.

१३ जुलै, रविवार

ज्यासाठी जानेवारीपासून धडपड चालली होती ती फेरी. त्र्यंबकेश्वरवरून हरसूलच्या बाजूला. नऊ गाड्या. ब्रह्मगिरी ढगात, पहिन्याकडे पर्यटकांची रांग, म्हणून पहाटे साडेपाचलाच त्र्यंबक पार केलं. हरसूलच्या पुढे दोन्ही बाजूंना भाताची आवणी चाललेली. खाचरांच्या बांधावरून कोणीही चाक न्यायचं नाही, हे सकाळी चहाच्या वेळीच ठरलं. बांध फुटला की वरच्या खाचराचं पाणी खालच्यात जातं आणि दोन घरांचं भात बिघडतं.

पहिला ओढा आडव्या कातळाचा. मी आणि डॉक्टर काठ्या घेऊन पायी पार झालो. सर्वात खोल जागी गुडघ्याच्या खाली, तळ घट्ट, पाणी स्वच्छ. उतरण्याआधी पाच मिनिटं गाडी थांबवून गोळे निवू दिले. दुसरा लो गिअर, एकसारखा वेग, पुढे पाण्याची एक छोटी लाट ढकलत. थांबायचं नाही, गिअर बदलायचा नाही. पाणी हबला लागलं आणि पलीकडे उतरलो. काचेवर दोन थेंबही उडाले नाहीत.

दुसरा ओढा सव्वादहाला. रात्रभर वर पाऊस झालेला. पाणी चहाच्या रंगाचं, मध्ये भोवरे, एक वाळकं लाकूड माणूस पळेल त्या वेगाने वाहत गेलं. डॉक्टरांनी काठी टाकली तर मांडीपर्यंत पाणी, आणि दोन पावलांवर काठी हातातून ओढली जाऊ लागली. कागदावर नवी थार ६५० मिमी पाण्यातून जाते, गुरखा ७०० मिमी. पण हे आकडे शांत पाण्याचे. वाहत्या पाण्यात गाडीच्या कुशीवर जोर येतो, चाकं हलकी होतात आणि तळाशी काय आहे ते दिसत नाही. हवेच्या नळीतून घोटभर पाणी सिलिंडरमध्ये गेलं तरी पिस्टन ते दाबू शकत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि तिथेच सगळं संपतं.

पलीकडे चार किलोमीटरवर जेवणाची सोय ठरलेली होती. नवीन दोघांना जायचं होतं. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलंही, आणि मला त्यांची ओढ कळत होती, कारण मीही या दिवसासाठी सहा महिने थांबलो होतो. डॉक्टरांनी प्रत्येकाला एकेक करून विचारलं. नऊपैकी सात जण ‘नको’ म्हणाले. मग काही वाद झाला नाही. अरुंद वाटेवर नऊ गाड्या वळवायला चाळीस मिनिटं लागली. डबे हरसूलच्या रस्त्यावर एका आंब्याखाली उघडले. नागलीची भाकरी आणि ठेचा आम्हाला ज्या घराने दिला, त्यांनी पैसे घ्यायला तीनदा नकार दिला.

१४ जुलै, सोमवार

संध्याकाळी कामावरून येऊन मागच्या गोळ्याचा बूच काढला. करंगळी आत घातली. ऑइल मधाच्या रंगाचं, स्वच्छ. पुढचंही तसंच. बोनेटखालची ब्रिदरची नळी आतून कोरडी.

मागच्या डाव्या ड्रममध्ये मात्र वाळू करकरतेय. शनिवारी उघडायचा.